दगडांवर क्रमांक एकसष्ट

मेलेल्या माणसाचं नाव सायकल स्पर्धेच्या यादीतून काढायचं असेल तर एक ईमेल पुरते. तेच नाव यादीत ठेवायचं असेल तर तीन आठवडे, दोन फॉर्म, एक मृत्यूचा दाखला, एक गुरुजी आणि एका माणसाची अब्रू लागते. गुरुजी पुण्याचे होते. अब्रू माझी.

ईमेल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. बाबांचं खातं माझ्याच फोनवर आहे, कारण पासवर्ड ते दर महिन्याला विसरायचे आणि दर महिन्याला त्याबद्दल मलाच रागवायचे. फेब्रुवारीत ते पुण्यात वारले. त्यानंतर त्या खात्यावर वीजबिल, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आणि 'पेन्शनधारकांसाठी आनंदाची बातमी' एवढंच येत होतं. ही मात्र आमच्या इथल्या, नावन या आयरिश गावातल्या सायकल क्लबची होती. "प्रिय बाळू, आपला क्रमांक एकसष्ट. येणार नसाल तर कळवा, नाव काढून टाकू. न कळवता आला नाहीत तर निकालपत्रात आपल्या नावापुढे 'निघाले नाहीत' अशी नोंद होईल."

मी तेव्हा सँट्रीच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये होते. लोक पुढच्या तिमाहीबद्दल बोलत होते. मी 'निघाले नाहीत' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. बाराची गाडी असली की दहाला स्टेशनवर जाऊन बसणारा हा माणूस. लग्नाला नवऱ्या मुलाच्या आधी पोचायचा. त्याच्या नावापुढे 'निघाले नाहीत'?

दुसरा पर्याय होता नाव काढण्याचा. पण तेरावं झाल्यापासून मी तेच करत होते. गॅस, पेन्शन, बँकेचा लॉकर, सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघ. प्रत्येक ठिकाणी खिडकीपलीकडच्या माणसाने बोटाने जागा दाखवली आणि मी सही केली. मुलीने बापाचं नाव काढलं, असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. मी महिन्याभरात सात ठिकाणचं काढलं होतं. आठवं काढायचं नाही, एवढंच मी त्या मीटिंगमध्ये ठरवलं. पुढच्या तिमाहीचं काय ठरलं ते मला अजून माहीत नाही.

आता ही स्पर्धा काय होती ते सांगायला हवं. उत्तर फ्रान्समध्ये एप्रिलमधल्या एका रविवारी पॅरिस-रूबे नावाची शर्यत होते. जगातले उत्तमोत्तम सायकलपटू आपल्या पिसासारख्या हलक्या सायकली घेऊन जुन्या दगडी रस्त्यांवरून, धुळीतून किंवा चिखलातून, अडीचशे किलोमीटरांपैकी पन्नासएक किलोमीटर आदळत जातात. या शर्यतीसाठी तिथले लोक ते खराब रस्ते मुद्दाम जपतात. पुण्यात ही सोय बारा महिने, कुठल्याही समितीशिवाय आहे, असं बाबा म्हणत. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून त्याच रस्त्यातला एक दगड मिळतो. बाबा दरवर्षी माझ्या सोफ्यावर मांडी घालून ही शर्यत सहा तास बघायचे. पहिल्या वर्षी तो दगड दिलेला बघून ते मनापासून म्हणाले होते, "हा खरा खेळ. उगाच चांदीचा पेला वगैरे नाही."

आमच्या क्लबने त्याच रविवारी या शर्यतीची एक गरीब नक्कल चालवली आहे. मीथ परगण्यातल्या साध्या रस्त्यांवरून चाळीस किलोमीटर, आणि शेवटी एका जुन्या जमीनदाराच्या वाड्यामागची, घोड्यांसाठी बांधलेली तीनशे मीटरची दगडी गल्ली. नियम एकच आणि कडक: दगडांवर पाय टेकला की बाद. बाबांनी आदल्या उन्हाळ्यात इथे येऊन जुनी शर्यतीची सायकल घेतली होती आणि डिसेंबरात पुण्यातून फॉर्म भरला होता. विमानाचं तिकीट मार्चअखेरचं होतं. वय एकाहत्तर. त्यांचं म्हणणं, एकाहत्तर हे वय नव्हे, गिअर आहे.

त्यांच्या क्रमांकावर मी जाणार, हे मी क्लबला कळवलं. उलट उत्तर आलं: समक्ष भेटा.

क्लबचं ऑफिस म्हणजे एका हार्डवेअर दुकानामागची खोली. तिथे रबराचा आणि ओल्या मोज्यांचा वास येत होता. सेक्रेटरी फिनबार, सत्तरीचे, आयुष्य पोस्टात गेलेलं. मी आत जाताच ते उठले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांबद्दल फार वाईट वाटलं." इथे ही पद्धत आहे. मृत्यूबद्दल माणसं सरळ बोलतात, हात हातात घेतात, मग सोडतात. फिनबारनी हात सोडला, खुर्चीत बसले आणि सेक्रेटरी झाले.

"मयत व्यक्तीला स्पर्धेत भाग घेता येत नाही."

"भाग मी घेईन. यादीत नाव त्यांचं राहू दे."

"भाग तुम्ही घेतलात तर नाव तुमचं लागेल."

"माझं नको."

"का नको?"

याचं उत्तर एका वाक्यात देणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या वाक्याला मला रडू आलं असतं. मोज्यांच्या वासात रडायचं नाही, एवढा माझा निर्धार होता. म्हणून मी म्हणाले, "मला सायकल फारशी येत नाही."

"हे विमा कंपनीला सांगू नका," फिनबार म्हणाले. "मृत्यूचा दाखला आणलाय?"

आणला होता. महिनाभर मी तो ओळखपत्रासारखा जवळ बाळगत होते. फिनबारनी चष्मा बदलला.

"बाल-क्रिश्-ना रिसबूड. हे कोण?"

"माझे वडील."

"आणि बाळू रिसबूड?"

"तेही तेच. बाळू हे घरचं नाव."

"मग फॉर्मवर घरचं नाव का?"

"फॉर्मवर तुम्हीच विचारलं होतं, 'आम्ही आपल्याला काय म्हणायचं?'"

फिनबारनी फॉर्म काढून बघितला. तसंच विचारलं होतं. बाबांना सरकारी रकान्यात इतक्या आपुलकीने पूर्वी कोणी विचारलं नसावं. ते विरघळले असणार. आता हे नवीन लचांड, या विचाराने मी थकून भिंतीकडे बघत बसले. पुण्यात याच बाळू-बाळकृष्णच्या घोळापायी लॉकर उघडायला अकरा दिवस लागले होते.

फिनबारनी दोन्ही कागद शेजारी ठेवून, पत्ते जुळवावेत तसे सरळ केले.

"म्हणजे या कागदाप्रमाणे बालक्रिश्ना नावाचे एक गृहस्थ वारले. माझ्या यादीत त्या नावाचं कोणी नाही."

"नाही."

"यादीत बाळू आहे. बाळू वारल्याचा माझ्याकडे पुरावा नाही."

मी भिंत सोडली आणि खुर्ची पुढे ओढली.

"मग त्याला काढायचा मला काय अधिकार? एका दिवसाचा विमा तुम्ही तुमच्या नावाने भरा. विम्यात तुम्ही, यादीत ते. मी चाळीस वर्षं टपाल वाटलं. पत्ता बरोबर असला की दार कोण उघडतं ते आम्ही बघत नाही."

बँकेतल्या अकरा दिवसांची भरपाई त्या एका मिनिटात झाली. मी आभार मानायला उठले, तेव्हा ते म्हणाले, "पण दगडांवर पाय टेकलात तर मी शिट्टी मारणार. तिथे बाळू बघणार नाही, बालक्रिश्ना बघणार नाही."

आता मला दगडांवर सायकल चालवायला शिकणं भाग होतं. शेवटची सायकल मी कॉलेजात चालवली होती, तीही पुढे टोपली असलेली.

बाबांच्या वहीत सगळं लिहून ठेवलेलं होतं. शर्यती बघताना ते नोंदी घेत. दगडांवर हँडल आवळायचं नाही, हातात चिमणी धरल्यासारखं धरायचं. जड गिअर ठेवायचा आणि पाय थांबवायचे नाहीत. कडेला चिखल आणि काचा असतात म्हणून रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून जायचं. पुढच्या चाकाकडे बघायचं नाही, लांब बघायचं. आणि दोनदा अधोरेखित केलेलं: 'हवा कमी! पुढे ५५, मागे ६०. टायर दगडाला धरून राहिला पाहिजे.' वाचून वाटलं, इतकं चांगलं तत्त्वज्ञान माझ्या शेल्फवरच्या जाड पुस्तकांत नाही. करून बघितल्यावर वाटलं, त्या पुस्तकांनी निदान पार्श्वभाग तरी दुखत नाही.

शेजारच्या नोरीनला हे कळलं. नोरीन सत्तरीची विधवा. भिंतीपलीकडे राहते आणि भिंतीवरून बोलते. "दोन चड्ड्या घाल," ती म्हणाली. मग बिस्किटांचा डबा देऊन गेली. मग पुन्हा आली. "कोकराच्या कातडीचं सीट-कव्हर आहे माझ्याकडे. आमच्या ह्यांचं. ट्रॅक्टरचं आहे, पण बसायची जागा सगळ्यांची सारखीच." ट्रॅक्टरचं कव्हर माझ्या सीटवर घातल्यावर सायकल आजारी मेंढीसारखी दिसू लागली. मी ते घरात प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात ठेवलं. तर दुसऱ्या दिवशी भिंतीवरून आवाज आला, "कव्हर दिसत नाही ते?" इथे आल्यापासून मला कळलंय की आयरिश शेजार आणि सदाशिव पेठी शेजार यांत फरक फक्त हवामानाचा आहे.

सरावाला दगड हवे होते. नावनमध्ये ते एका खरेदी-संकुलाच्या अंगणात आहेत, शोभेचे. शनिवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी मी तिथे फेऱ्या मारू लागले. चौथ्या फेरीला पाण्याची बाटली उडून एका बाबागाडीखाली गेली. पाचव्या फेरीला सुरक्षारक्षक आला.

"काही हरवलंय का बाई?"

"नाही. सराव करतेय."

"कशाचा?"

"फ्रान्समधल्या दगडांचा."

त्याने माझ्याकडे, मग दगडांकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. "हे चीनमधून आलेत," तो म्हणाला, आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला. वाटेत सायकल त्यानेच धरली. माझ्या गुडघ्यांची अवस्था त्याला दिसली असावी.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी विलासकाका आणि विजयालक्ष्मीकाकू माझ्याकडे राहायला आले. माझी मैत्रीण निहारिका, तिचे हे आईवडील, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. निहारिका हॉस्पिटलांत कॉम्प्युटर बसवते. त्या शनिवार-रविवारी तिला कासलबारला जावं लागलं. "आईबाबा एकटे नकोत गं," ती म्हणाली. मी बरं म्हटलं. दोघं आले ते खलबत्ता घेऊन.

काकूंनी सायकल बघितली. "पण वर्ष झालं नाही अजून," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षाच्या आत सणवार करत नाहीत."

"स्पर्धा म्हणजे सण नव्हे," काका म्हणाले.

"मग काय आहे?"

"खेळ आहे."

"खेळ चालतो का वर्षाच्या आत?"

"पत्ते खेळतेसच की तू तेराव्यानंतर."

"ते वेळ जायला."

"हाही वेळच जातोय तिचा!"

प्रश्न पुण्यातल्या गुरुजींकडे व्हॉट्सॲपवर गेला. अर्ध्या तासात उत्तर आलं. काकांनी उभं राहून वाचलं: "वडिलांप्रीत्यर्थ सायकल चालवण्यास हरकत नाही. मात्र जिंकल्यास पेढे वाटू नयेत."

पेढ्यांचा धोका नाही, असं मी गुरुजींना कळवायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी वहीप्रमाणे हवा भरली. पुढे पंचावन्न, मागे साठ. पंपाचा काटा दोनदा बघितला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मी एखादी गोष्ट काळजीपूर्वक, फक्त ती बरोबर व्हावी म्हणून केली. मग सायकल पॅसेजमध्ये लावून झोपले.

सकाळी उठून बघते तो काका-काकू आंघोळ करून तयार. हँडलला हळदकुंकू, पुढच्या दिव्याला झेंडूऐवजी नोरीनच्या बागेतल्या डॅफोडिलांचा हार, चाकाखाली लिंबू. हार चाकाच्या तारांत जाईल म्हणून मी काढायला लागले तर काकू म्हणाल्या, "राहू दे गं, गल्लीच्या टोकापर्यंत तरी." त्या हाराच्या वाटाघाटीत वीस मिनिटं गेली. नोरीनच्या गाडीच्या मागे सायकल बांधून आम्ही निघालो. काका वाटेत दोनदा म्हणाले, "आज तुला काही त्रास होणार नाही बघ." मला वाटलं, आशीर्वाद आहे.

एकशे त्रेचाळीस माणसं होती. माझ्या पाठीवर एकसष्ट. फिनबारनी हजेरी घेतली. "बाळू रिसबूड?" मी हात वर केला. आजूबाजूच्या मंडळींनी एका पंचेचाळिशीच्या बाईकडे बघितलं आणि सभ्यपणे ढगांकडे नजर वळवली. या देशात लोकांना दुसऱ्याच्या भानगडी कळतात, पण ते तसं दाखवत नाहीत.

आणि सायकल पळू लागली. अगदी खरं सांगते. सरावात ती कधी अशी पळाली नव्हती. चढावर दम लागला नाही, उतारावर मी चार जणांना मागे टाकलं, त्यातला एक तर पोलिसातला होता. मी शिकलेली बाई आहे. घरात दिवा लावते तो सवयीने. पण पंधराव्या किलोमीटरला, बॉइन नदीच्या पुलावर, मागून कोणीतरी सीटला हात लावून ढकलतंय असं मला स्पष्ट वाटलं. लहानपणी सायकल शिकवताना बाबा तसंच ढकलायचे, आणि मध्येच सोडून द्यायचे, न सांगता. मी मागे वळून बघितलं नाही. त्या पुलावर मी दोन महिन्यांचं रडून घेतलं. वारा समोरून होता, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

मग वाड्याची कमान आली, आणि दगड.

पहिल्या दहा मीटरमध्येच काहीतरी बिनसलं. वहीत लिहिलं होतं, टायर दगडाला धरून राहिला पाहिजे. माझे टायर दगडांना शिवायलाही तयार नव्हते. प्रत्येक दगड सायकलीला वर उडवत होता, आणि ती खाली येईपर्यंत पुढचा दगड तयार. बाटली गेली. चष्मा नाकाच्या टोकावर आला. दात एकमेकांवर वाजत होते. चिमणी धरायची होती, मी हँडल रेड्याच्या शिंगासारखं आवळून धरलं. पाय थांबवायचे नाहीत, पाय थांबवायचे नाहीत, असं मोठ्याने म्हणत दोनशे मीटर गेले. अडीचशे. टोकाला कठड्यामागे नोरीन, काका आणि काकू दिसत होते. काकू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या.

दोनशे सत्तराव्या मीटरला चेन पडली. पाय रिकामे फिरले, सायकल कडेच्या चरीत घसरली आणि माझा डावा पाय दगडावर टेकला.

शिट्टी वाजली. एकच, छोटी.

"एकसष्ट," फिनबार म्हणाले. "पाय." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण पेन्सिल चालली.

तीस मीटर राहिले होते. मी सायकल ढकलत निघाले. तेवढ्यात काका कठडा ओलांडून धावत आले.

"काय झालं? काय झालं?"

"काही नाही काका. चेन पडली."

"पण हवा तर टाइट होती!" ते खरोखर चक्रावले होते. "सकाळी उठलो, अंगठ्याने दाबून बघितलं, तर दोन्ही चाकं मऊ. म्हटलं, पोरीला कोण सांगणार? बाप असता तर त्याने बघितलं असतं. मी मारली पंपाने. काट्यावर माझा विश्वास नाही, अंगठ्यावर आहे. दगडासारखी केली होती दोन्ही!"

मी काकांकडे बघितलं. पांढरी टोपी, मुलीचा मोठा कोट, हाताच्या तळव्यावर पंपाचा लाल वळ. पुण्यात त्यांनी चाळीस वर्षं सायकल चालवली होती. त्यांच्या पिढीत दुसऱ्याच्या सायकलीतली हवा कमी दिसली की न विचारता भरायची, आणि सांगायचंही नाही. पुलावर मला कोण ढकलत होतं, ते आता कळलं.

"फार छान पळाली काका सायकल," मी म्हणाले. ते खरं होतं.

"मग? सांगत नव्हतो!" ते नोरीनला मराठीतच म्हणाले. नोरीन म्हणाली, "ग्रँड."

दुपारी आम्ही घरी टीव्हीवर खरी शर्यत बघत बसलो. काकूंनी शिरा केला. गोड म्हणून नव्हे, रवा होता म्हणून, असं त्यांनी स्पष्ट केलं. माझ्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. पडद्यावर मातीने माखलेली माणसं दगडांवरून जात होती आणि निवेदक सांगत होता, या रस्त्यांवर सगळे टायरमधली हवा नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवतात, नाहीतर सायकल उसळते आणि हातातून जाते.

काका शिरा खाता खाता थांबले.

"हे लोक हवा कमी ठेवतात?"

"हो काका."

"मुद्दाम?"

"हो."

"दगडांसाठी?"

मी गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सरळ केली. काकांनी बशी टेबलावर ठेवली. स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

"म्हणजे सकाळी..."

"काका, चहा ठेवू का? साखर किती?"

"मुक्ता."

"अर्धा चमचा ना?"

"अर्धा," काका म्हणाले, आणि मी उठताना, "तुझ्या वडिलांना माहीत होतं हे?"

"वहीत लिहिलं होतं."

"हुशार माणूस," काका म्हणाले. चहा मी जरा जास्त वेळ उकळला, दोघांनाही सवड मिळावी म्हणून.

मंगळवारी निकालपत्र आलं. एकशे त्रेचाळीस नावं. तळाशी: 'एकसष्ट. बाळू रिसबूड. निघाले. पूर्ण केली नाही.' मी ते ऑफिसात बसून वाचलं. मनात म्हटलं, ठीक आहे. हेच खरं आहे. निघाले होते, पूर्ण झालं नाही. एवढ्यासाठीच सगळं केलं होतं. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाच्या भरात मी आईला पुण्याला फोन करून वाचून दाखवलं. ती चूक झाली.

आई फेब्रुवारीपासून फोनवर 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलत होती.

"पूर्ण का नाही केली?" ती म्हणाली.

"दगडांवर पाय टेकला."

"कुणी?"

"मी."

"मग त्यांच्या नावापुढे का?"

"क्रमांक त्यांचा होता ना आई."

"क्रमांक त्यांचा, पाय तुझा!" आईचा आवाज चढला. "त्या माणसाने आयुष्यात पाय टेकला नाही. अलका टॉकीजच्या सिग्नलला सुद्धा टेकायचे नाहीत, तोल सांभाळत उभे राहायचे सर्कशीतल्यासारखे. मी मागे कॅरिअरवर. लोक बघायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आता त्यांच्या नावावर टेकलेला पाय? त्या तुझ्या कोण फिन... त्यांना सांग दुरुस्त करायला."

"आई, जाऊ दे ना. मी दमलेय."

"दमायला काय झालं? अर्ज कर."

दोन महिन्यांनी आई पहिल्यांदा कुणाशी तरी भांडत होती. तेव्हा मला अर्ज करणं भाग होतं. फिनबारनी तो हार्डवेअरच्या दुकानामागे, चष्मा बदलून, दोनदा वाचला. त्यात माझ्या आईचं सिग्नलविषयक निवेदन मी इंग्रजीत जसंच्या तसं घातलं होतं.

"कॅरिअरवर तुमची आई असताना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पूर्ण सिग्नलभर?"

"ती तसं म्हणते."

फिनबारनी बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं. त्यांना तो माणूस दिसत असावा.

"निकाल बदलता येत नाही," ते म्हणाले. "तळटीप देता येते."

गुरुवारी सुधारित निकालपत्र लागलं. क्लबच्या वेबसाइटवर, हार्डवेअरच्या काचेवर, आणि नोरीनने आपण होऊन छापून आणलेलं भिंतीपलीकडून माझ्या हातात. बाबांच्या नावापुढे एक चांदणी, आणि पानाच्या अगदी तळाशी, जमीनदाराच्या वाड्याचे आभार मानल्यानंतर, एक ओळ. मी आईला फोन लावला.

"'एकसष्ट. बाळू रिसबूड. निघाले,'" मी वाचलं. "आणि खाली लिहिलंय, 'उतरली ती मुलगी.'"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तेवढं खालचं परत वाच," आई म्हणाली.

मी वाचलं. मग तिने शेजारच्या काकूंना बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकून म्हणाली, "हं, आता मोठ्याने."